अक्कांचे पांढरेशुभ्र फुगे

सोलापूरला माझी बदली झाली तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारला एकाएकी पाटबंधाऱ्यांची फार आठवण येऊ लागली होती. मी ट्रेसर. इंजिनियरांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवायचा आणि सुबक अक्षरात गावांची, ओढ्यांची नावं घालायची, एवढंच माझं काम. शुक्रवार पेठेत माडीवरची एक खोली भाड्यानं मिळाली. ट्रंक वर टाकून खाली घरमालकांकडे पाणी मागायला गेलो, तर दारातल्या बाईंनी तांब्या पुढे करायच्या आधीच विचारलं, "ऊटा आतेनरी?"

मला कानडीचा गंध नव्हता. मी मराठीतच पाणी मागितलं. तशा त्या मराठीत आल्या.

"जेवण झालं का, विचारतेय की. कानडीत विचारलं तरी भूक तीच असते."

या नीलाअक्का. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. वय पस्तिशीच्या पुढचं, कपाळाला विभूतीची बोटं, आणि अंगावर कायम पांढरी सुती साडी. ती पांढरी म्हणजे साधीसुधी पांढरी नव्हे. अक्का साड्या सोड्यात उकळायच्या, निळीत बुचकळायच्या, खळ घालून वाळवायच्या आणि मगच नेसायच्या. दुपारच्या उन्हात त्या समोरून आल्या की मी डोळ्यांवर हात धरायचो. कोणाच्याही कपड्यावर डाग दिसला की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. माझ्या शर्टाच्या बाहीवर नेहमी शाई असायची, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या त्या बाहीकडे बघूनच.

घरात त्या आणि त्यांचे वडील, आप्पा, दोघंच. पहिला आठवडाभर मला वाटलं, काय शांत घर मिळालंय. मग एकदा जिन्यातून खाली उतरताना पाहिलं, तर बापलेक कडाडून भांडत होते. हातवारे चालले होते, डोळे मोठे झाले होते, ओठ भराभरा हलत होते. फक्त आवाज नव्हता.

आप्पांची सगळी हयात मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर गेली होती. शेकडो साचे एकदम खडखडायला लागले की तिथं देवाचं बोलणंही ऐकू येत नाही, असं ते सांगायचे. त्या खडखडाटात कामगार एकमेकांशी ओठांनी बोलायचे. वर्षानुवर्षं तसंच बोलून आप्पा ओठ वाचण्यात तरबेज झाले आणि त्याच वर्षांत त्यांचे कान गेले. म्हणून अक्का त्यांच्याशी आवाज न करता, एकेक अक्षर ओठांवर नीट मांडून बोलायच्या. तीच सवय शाळेत गेली, बाजारात गेली. भाजीवालीला "वांगी कशी दिली?" विचारतानाही अक्कांचा चेहरा पहिलीच्या वर्गावर असल्यासारखा असायचा. आप्पा मात्र क्वचित आवाज काढायचे, आणि काढला की तो भवानी पेठेपर्यंत जायचा. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

हे आप्पा एके काळी सिनेमाचे वेडे होते. पाळी सुटली की थेट थेटरात. कान गेल्यावरही काही दिवस ते हट्टानं जात राहिले आणि मग एक दिवस बंद झाले. का, ते त्यांनी मला एकदा अंगणात बसून सांगितलं. अर्थात सगळ्या गल्लीला सांगितलं.

"आरं टेसर, बोलतोय एक आन् दाखवत्यात दुसऱ्याचं थोबाड! मी वाचू काय? आन् समदं थेटर हसलं की मी शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघतो. मला कळंस्तवर त्यांचं हसून संपतं बी. मग मी एकटा हसतो. येड्यावानी दिसतंय ते."

ते ऐकताना अक्का भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या, आणि पुन्हा थापू लागल्या.

आप्पांचा सिनेमा सुटला म्हणूनच अक्कांची चित्रकथा सुरू झाली होती. दर आठवड्याला अक्का एक मोठा कागद चौकटी आखून रंगवायच्या आणि रविवारी ओट्यावरच्या लाकडी फळीला चिमट्यांनी लावायच्या. गोष्टीचं नाव 'भोंगाचोर'. सोलापूर तेव्हा मिलच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं आणि झोपायचं. अक्कांच्या गोष्टीत एका सकाळी भोंगाच चोरीला जातो. कोणाला वेळच कळेना. शाळेत मास्तर आधी आणि पोरं नंतर, नवरदेव मांडवात आणि भटजी झोपलेले, असा सगळा गोंधळ. त्या चोराचा माग काढते कोण, तर शेंगा विकणारी एक म्हातारी, शेंगाबाई. पोलीस इन्स्पेक्टर आपला तिच्या मागून शेंगा खात फिरतो. चित्रातल्या प्रत्येकाच्या तोंडाशी पांढरा फुगा आणि फुग्यात संवाद. बोलतो त्याचंच तोंड दिसणार, आणि बोलणं त्याच्या तोंडालाच लागलेलं असणार. माझं अक्षर बघितल्यावर फुग्यांतला मजकूर लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आठवडाभर सरकारचे ओढे लिहायचे आणि शनिवारी दुपारी शेंगाबाईच्या शिव्या, असं माझं चाललं होतं.

रविवारी सकाळी ओट्यापुढे गर्दी व्हायची. गल्लीला 'भोंगाचोर' तोंडपाठ होता. आप्पा मात्र कागद आदल्या संध्याकाळीच घरात वाचायचे. खो खो हसायचे. पण एकटे. अक्कांना ते खुपायचं.

"ट्रेसरभाऊ," त्या मला म्हणाल्या, "पुस्तक माणूस एकटा वाचतो. सिनेमा दहाजण मिळून बघतात. मला आप्पांना एकदा माणसांत बसून, सगळ्यांच्या बरोबरीनं हसताना बघायचंय. मागून नाही. बरोबर."

"मग?"

"मग काय? 'भोंगाचोर'चा सिनेमा काढायचा."

एखाद्यानं "चहा करायचा" म्हणावं तितक्या सहज त्या हे म्हणाल्या. सिनेमा काढायला काय लागतं, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. कॅमेरा लागतो हे माहीत होतं, आणि कॅमेरा महबूबभाईंकडे होता. महबूबभाई पलीकडच्या गल्लीतले लग्नाचे फोटोग्राफर. कोणा हौशी पाहुण्यानं विकलेला आठ मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर त्यांच्याकडे पडून होता. चावी दिली की थोडा वेळ फिल्म फिरायची आणि चावी उतरली की नटाचं वाक्य अर्धं राहायचं. आवाज टिपायची सोय त्यात नव्हती. अक्कांना ती नकोच होती.

शेंगाबाईचं काम नरसम्मांकडे आलं. त्या शेजारच्या विणकर घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, आणि दिसायला अक्कांच्या चित्रातून उतरल्यासारख्या. खरं म्हणजे अक्कांनी शेंगाबाई काढली होती ती नरसम्मांना बघूनच. हे नरसम्मा सोडून सगळ्यांना माहीत होतं. इन्स्पेक्टर म्हणून गल्लीतला एक जाडजूड टेलर उभा केला, कारण खाकी कापड त्याच्याकडेच होतं.

पहिल्या दिवशी शूटिंग फार शिस्तीत झालं. अक्कांनी चित्राचा कागद हातात धरला, नरसम्मांचा हात वर करवला, मान तिरकी करवली, एक पाय पुढे टाकायला लावला आणि ओरडल्या, "आता हलू नका!" नरसम्मा श्वाससुद्धा घेईनात. टेलरही शेंग तोंडाजवळ नेऊन थिजला. महबूबभाईंनी चावी दिली, कॅमेरा घरघरला, चावी उतरली. कोणी हललं नाही. महबूबभाईंनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

"अक्का, ये पिच्चर है! फोटो नक्को, पिच्चर! माणूस हलला पायजे की!"

"चित्रात कुठं हलतात?"

"चित्रात नहीं हिलते, म्हणून तर पिच्चर काढतोय ना आपण!"

यावर अक्कांनी हातातल्या कागदाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी नरसम्मांना हात खाली करायची परवानगी दिली.

दुसरी भानगड छपरावर झाली. चित्रकथेत एका चौकटीत शेंगाबाई दारात उभी असते आणि पुढच्या चौकटीत पत्र्याच्या छपरावर बसून चोराकडे बघते. मध्ये फक्त बोटभर पांढरी पट्टी. महबूबभाईंनी विचारलं, बाई वर गेली कशी?

"वाचणारा चढवतो तिला," अक्का म्हणाल्या. "त्याला शिडी लागत नाही."

"वाचणाऱ्याला लागत नाही. नरसम्माला लागते."

मग शिडी आली. नरसम्मा निम्म्या शिडीवर गेल्या आणि तिथंच "अय्यो देवुडा" म्हणून शिडीला मिठी मारून बसल्या. ना वर जाईनात, ना खाली येईनात. अक्कांनी खालून ओठ हलवून धीर दिला, पण नरसम्मांना ओठ कुठले वाचता येताहेत! शेवटी टेलर इन्स्पेक्टर खाकी पोशाखात चढले आणि त्यांना खांद्यावर घेऊन उतरले. महबूबभाईंनी तेवढ्यात चावी दिली होती. ते सगळं फिल्ममध्ये आलं. मूळ गोष्टीत ते कुठंही नाही. अक्का आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "राहू दे. पांढऱ्या पट्टीत काय काय घडत असतं, मला तरी कुठं माहीत होतं."

पण अक्कांचा खरा हट्ट होता तो फुग्यांचा. महबूबभाईंचं म्हणणं सरळ होतं. आवाज नाही, तर प्रत्येक वाक्यानंतर काळ्या पाटीवर मजकूर लिहून तिचं चित्र घ्यायचं. अक्कांनी साफ नकार दिला.

"पाटी आली की बोलणारा गेला. तेच तर आप्पांचं दुखणं आहे. बोलणं तोंडालाच लागलेलं पाहिजे."

म्हणजे फुगेच पाहिजेत. चित्रातल्यासारखे. मग बांबूच्या कामट्या वाकवून फुग्याच्या आकाराच्या चौकटी केल्या, त्यांवर पतंगासारखं मांजरपाट ताणून बसवलं, खाली तोंडाकडे जाणारी शेपटी शिवली आणि प्रत्येक फुगा लांब काठीला बांधला. मजकूर मी लिहिला. शूटिंगच्या वेळी काठी धरायचं कामही माझंच. मी भिंतीमागे, पिंपामागे, एकदा तर चक्क कोंबड्यांच्या खुराड्यामागे उकिडवा बसायचो आणि अक्का हात करतील तेव्हा फुगा वर काढायचो. मी त्या सिनेमात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, पण दिसत कुठंच नाही.

"शेपटी तोंडाकडं!" ही अक्कांची आरोळी त्या उन्हाळ्यात गल्लीनं इतक्या वेळा ऐकली की बायका पाण्याच्या रांगेतही एकमेकींना ती ऐकवू लागल्या. वाऱ्यानं फुगा फिरला की शेपटी भलत्याकडे जायची. एकदा शेंगाबाई म्हणायची होती, "चोराला मी वासावरून ओळखते," आणि नेमकी मागून कोणाची तरी म्हैस आली. फुगा फिरला आणि शेपटी म्हशीच्या तोंडाला जाऊन लागली. म्हैसही थांबून कॅमेऱ्याकडे बघू लागली. चावी तिच्यावरच उतरली.

आता फुगे मांजरपाटाचे, म्हणजे कोरेपणीच पिवळट. अक्कांना ते बघवेना. त्यांनी मजकूर लिहायच्या आधी सगळं कापड सोड्यात उकळलं, निळीत घातलं, खळ देऊन कडक केलं. महबूबभाई हात जोडून म्हणाले, "अक्का, थोडा मैला राहू द्या. धूप में सफेद जलता है."

"मळका फुगा?" अक्का म्हणाल्या. "माझ्या माणसांच्या तोंडून मळकं काही निघत नाही."

महबूबभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फुग्याकडे बघितलं. विषय तिथंच संपला.

फिल्म धुवायला मुंबईला गेली. परत आली ती दाखवायच्या आदल्या दिवशी. महबूबभाईंनी तुकडे जोडले, पण त्यातलं एकेक चित्र करंगळीच्या नखाहून लहान. फुगे दिसत होते, अक्षरं भिंगातूनही वाचता येण्यासारखी नव्हती. ती पडद्यावर दिसतील, असं सगळ्यांनी धरलं.

रविवारी दुपारी शाळेचा हॉल मिळाला होता. अंधार करायला प्रत्येक घरातून एकेक चादर आली आणि ती खिडक्यांवर ठोकली. सोलापुरात त्या बाबतीत काही कमी नाही. आत भट्टी पेटलेली, पुठ्ठ्यांनी वारा घेत सगळी गल्ली बसलेली. अक्कांनी आप्पांची खुर्ची पहिल्या रांगेत नव्हे, बरोबर मधोमध ठेवली होती. आप्पांनी धोतर, कोट, टोपी असा लग्नाचा पोशाख केला होता. नरसम्मा सिनेमात नेसलेलीच साडी नेसून आल्या होत्या, लोकांचा गोंधळ नको म्हणून.

प्रोजेक्टर सुरू झाला. आमची गल्ली पडद्यावर आली आणि टाळ्या पडल्या. शेंगाबाई दार उघडून बाहेर आली, जांभई दिली, आभाळाकडे बघितलं. तिच्या तोंडाशी फुगा वर आला.

फुगा कोरा होता.

नुसता पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा. अक्षर एक नाही. इन्स्पेक्टर आला, त्याचा फुगा वर आला, तोही कोरा. मे महिन्याच्या उन्हात अक्कांची ती नीळ आणि खळ इतकी झळाळली होती की माझी सगळी अक्षरं त्या पांढऱ्यात बुडून गेली होती. "जल गया," महबूबभाई प्रोजेक्टरमागून पुटपुटले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अक्का भिंतीपाशी उभ्या होत्या. अंधारातही त्यांची साडी दिसत होती. आप्पांसाठीच केलेल्या सिनेमात आप्पांना वाचायलाच काही उरलं नव्हतं. त्या प्रोजेक्टर बंद करायला पुढे निघाल्या.

तेवढ्यात हॉल दणाणला.

"आज भोंगा का वाजंना गं बाई? भाकरी करू का झोपू?"

आप्पा! शेंगाबाईचं पहिलं वाक्य, जसंच्या तसं. पुढचा फुगा आला. "मी सरकारी मानूस हाय. भोंग्याबिगर मला उठायचा हुकूम न्हाय!" हे इन्स्पेक्टरचं. प्रत्येक फुगा वर आला की आप्पा त्या माणसाच्या आवाजात त्याचं वाक्य म्हणत होते. शेंगाबाईला बारीक किरटा आवाज, इन्स्पेक्टरला ढेकर दिल्यासारखा. हॉलमध्ये आधी एकजण हसला, मग दहा, मग सगळेच. आप्पांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. सगळ्यांची तोंडं उघडी, खांदे हलताहेत. आप्पांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

मग ते सुटलेच. पाठ असलेलं म्हणता म्हणता पदरचं घालू लागले. इन्स्पेक्टरच्या तोंडी त्यांनी मिलमधल्या जुन्या मुकादमाची वाक्यं घातली आणि मागच्या रांगेतले कामगार बाकावरून घसरले. नरसम्मा शिडीवर अडकल्या तिथं फुगाच नव्हता, तरी आप्पा तेलुगूत ओरडले, "अय्यो देवुडा!" खुद्द नरसम्मा पदर तोंडात कोंबून हसत होत्या. म्हैस आली. कोरा फुगा तिच्या तोंडाला लागला. सगळा हॉल आप्पांकडे वळला. आप्पांनी टोपी नीट केली आणि अगदी खानदानी आवाजात म्हणाले, "मला काय इचारताय? मी आपली पानी प्यायला आलेय." त्यानंतर बराच वेळ सिनेमाकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मी अक्कांना शोधलं. त्या पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. स्वतः काढलेला सिनेमा त्यांनी त्या दिवशी बघितलाच नाही. त्या आप्पांकडे बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या खळीच्या पदरानं पुसत होत्या. पदराची इस्त्री मोडली, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मलाही भरून आलं. मी खुशाल रडून घेतलं, अंधारच होता.

दिवे लागल्यावर अक्कांनी आप्पांपुढे वाकून, ओठांनी, फुगे कोरे निघाल्याबद्दल काहीतरी सांगितलं. आप्पांनी आश्चर्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"कोरं? कोरं कुटं व्हतं? मी वाचलं की समदं!"

ते खरं सांगत होते की लेकीला सांभाळून घेत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. अक्कांनी मात्र वळून सगळ्या हॉलला विचारलं, "ऊटा आतेनरी?" आणि कोणाचं उत्तर यायच्या आत कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीची टोपली फिरवायला घेतली.

महबूबभाई पुढे कितीदा तरी म्हणाले, फुगे थोडे मळवून पुन्हा काढू. अक्का ऐकेनात. तोच कोरा 'भोंगाचोर' कधी ओट्यावर, कधी मिलच्या चाळीत दाखवला गेला, आणि दर वेळी आप्पा मधोमध बसून नवीनच काहीतरी बोलले. एकदा तर चोर सुटला आणि इन्स्पेक्टर पकडला गेला. चित्रं तीच होती.

माझी बदली झाली तेव्हा दोघं मला पोचवायला एसटी स्टँडवर आले. अक्कांनी डबा दिला, माझ्या बाहीवरच्या शाईकडे शेवटचं बघून घेतलं आणि गाड्यांच्या धुरापासून साडी वाचवत आप्पांना घेऊन लांब खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. शेजारच्या दोन गाड्याही घरघरत होत्या, वर लाउडस्पीकर. काचेतून मी काहीतरी ओरडलो. अक्कांनी कानाला हात लावून मान हलवली. काही ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी आप्पांच्या पाठीमागून एक काठी वर काढली. काठीच्या टोकाला फुगा होता. पण हा पांढरा नव्हता. चांगला चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेला, आणि त्यावर बोटाएवढ्या जाड काळ्या अक्षरात लिहिलेलं, भर उन्हात सगळ्या स्टँडला वाचता येईल असं: "ऊटा आतेनरी?" शेपटी बरोबर अक्कांच्या तोंडाला लागली होती.

मला हसू आवरेना. ओरडण्यात अर्थ नव्हता. मी काचेला तोंड नेलं आणि आवाज न काढता, एकेक अक्षर ओठांवर मांडत म्हणालो, "आतरी." झालं.

अक्कांना ते लांबून कळलं नाही. त्या आप्पांकडे वळल्या. त्या गदारोळात ऐकू येणारा माणूस आप्पा एकटेच होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून समाधानानं मान डोलावली आणि तिन्ही गाड्यांच्या वर आवाज चढवून लेकीला सांगितलं, "झालं म्हनतोय! जेवलाय त्यो! जाऊ दे आता त्याला!"